चित्रकाराचे लिहिणे आणि आमचे न वाचणे

कोल्हापुरास ‘कलापूर’ म्हणण्याची आम्हां कोल्हापूरकरांस जुनी खोड आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर ही दोन नावे उच्चारली की कलेविषयीचे आपले कर्तव्य पार पडले, अशी आमची समजूत असते. आणि एखाद्या नव्या चित्रकाराने काही वेगळे मांडले की हीच दोन नावे काठीसारखी त्याच्या पाठीत घालावयासही आम्ही कमी करीत नाही. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात मध्यंतरी काही तरुण चित्रकारांचे प्रदर्शन पाहावयास आम्ही गेलो होतो. भिंतीवर ना रंकाळा होता, ना पन्हाळा. एका मोठ्या चित्रात नुसती करडी पोकळी आणि कोपऱ्यात एक किल्ली, असा प्रकार. आमच्यासोबतच्या एका निवृत्त गृहस्थांनी जवळ उभ्या असलेल्या मुलीस विचारले, “बाळ, हे कशाचे चित्र?” चित्र तिचेच होते. ती गोंधळली, पण सांगू लागली. तेव्हा हे गृहस्थ आमच्याकडे वळून हळूच म्हणाले, “सांगावे लागते, म्हणजे जमलेले नाही.” आम्ही हसलो, आणि निघताना अभिप्रायवहीत ‘प्रयत्न स्तुत्य आहे’ असे लिहून घरी आलो.

त्या गृहस्थांचे वाक्य म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांचा या विषयातील मुख्य सिद्धांतच होय. म्हणून त्याचा परामर्श घेणे प्राप्त आहे. चित्रकार गप्प राहिला तर तो दुर्बोध. बोलला तर चित्र फसले म्हणून बोलतो. दोन्ही दारांस कुलूप घालून वर ‘हे लोक आमच्याकडे येतच नाहीत’ अशी तक्रार करणे, हा कोणता न्याय?

कारण एक चित्रकार आमच्याकडे आला होता, आणि तोही आमच्याच भाषेत. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मौजेने १९९० साली प्रसिद्ध केले. बरवे यांचा जन्म १९३६ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील नागावचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत ते १९६१ ते १९६५ वाराणसीस राहिले आणि तेथे तांत्रिक आकृतींनी त्यांच्या मनाची पकड घेतली. ती पकड त्यांनी पुढे आपल्या हातानेच सैल केली, हे विशेष. मुंबईस परतल्यावर पान, शिंपला, फळ, घड्याळ अशा घरोघरच्या वस्तू त्यांच्या चित्रांत येऊ लागल्या. आणि रंग कोणता, तर दारेखिडक्यांस लावतात तो एनॅमल! वस्तू ओळखीच्या, रंग ओळखीचा, परंतु त्या वस्तूंचे एकमेकींशी असलेले नाते मात्र अनोळखी. ‘हे कशाचे?’ असे येथे विचारण्याची सोयच नाही. पान पानाचेच आहे. प्रश्न एवढाच उरतो की, ते तेथे काय करीत आहे?

या पुस्तकाविषयी एक गैरसमज आहे, तो म्हणजे हे बरव्यांच्या चित्रांचे गाईड असावे. गाईडे कशी असतात हे आम्हां प्राध्यापकांस पुरते ठाऊक आहे; आमचे निम्मे विद्यार्थी त्यांवरच पदवीधर झाले. ‘कोरा कॅनव्हास’मध्ये ‘शिंपला म्हणजे अमुक, घड्याळ म्हणजे तमुक’ असे कोष्टक शोधू जाल तर निराश व्हाल. रंगवावयास बसलेल्या माणसापुढील ते रिकामे पांढरे कापड म्हणजे नेमके काय, वस्तू आणि तिची प्रतिमा यांत अंतर किती, शब्द वस्तूस चिकटतो कसा आणि सुटतो कसा, असे प्रश्न एक मनुष्य आपले काम चालू असताना स्वतःस विचारीत आहे, आणि आपण शेजारी बसून ते ऐकत आहो, असे त्याचे स्वरूप आहे. रावबहादुर धुरंधरांनी १९४० साली ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहिले. त्यात माणसे भेटतात, हकिगती भेटतात, म्हणून ते वाचणे सोपे जाते. बरवे हकीगत सांगत नाहीत. ते चित्र होण्याआधीच्या घटकेविषयी लिहितात, आणि अशी मराठी फारशी कोणी लिहिलेली नाही.

येथे आमचा स्वतःचा, म्हणजे साहित्य शिकविणाऱ्यांचा, गुन्हा कबूल केला पाहिजे. वर्गात आम्ही अभिधा, लक्षणा आणि व्यंजना शिकवितो. वाच्यार्थावर थांबणारा वाचक अरसिक, असे तीसतीस वर्षे बजावितो. तेच आम्ही चित्रापुढे उभे राहिलो की आम्हांस फक्त अभिधा हवी असते! चित्र म्हणजे गोष्टीची दासी, हा संस्कार आम्ही रविवर्म्याच्या छापील तसबिरींपासून दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठापर्यंत जोपासला. त्या चित्रांस आम्ही कमी लेखीत नाही. पण त्यांनी चित्राविषयीची आमची अपेक्षाच संपून गेली असेल तर दोष चित्रांचा नव्हे.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. ही असली चित्रे पॅरिसची उष्टी, असे आमच्याकडे ठासून सांगितले जाते. मग तैलरंग कोठले? छायाप्रकाशाने उठाव देण्याची रीत कोठली? १८५७ साली मुंबईत निघालेल्या ज्या शाळेत ही विद्या शिकविली गेली, तिच्यातूनच आबालाल शिकून आले आणि रंकाळ्याच्या काठी बसून त्यांनी ती आपलीशी केली. बाबूरावांनी तर पडदे रंगविता रंगविता कॅमेराच घडविला, १९२० साली ‘सैरंध्री’ काढली, आणि पुराणात रमलेल्या प्रेक्षकापुढे १९२५ साली ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी उभा केला. परक्याची उसनवारी म्हणून या दोघांस कोणी नाकारले असते तर आज काठी म्हणून वापरावयास आमच्या हाती काय उरले असते? आणि दारातील ठिपक्यांची रांगोळी हे कशाचे चित्र, असे कोणी आपल्या आईस विचारले आहे काय?

परंतु खरा जाब आम्ही गाण्याचा देऊ. हे गाव अल्लादियाखाँसाहेबांचे. शाहू महाराजांच्या दरबारच्या या गवयाची गायकी अवघड म्हणून सर्वत्र प्रसिद्ध. त्या गायकीचा आलाप ऐकण्यास देवल क्लबात आमची घरेच्या घरे जाऊन बसतात. तासभर चाललेल्या त्या स्वरांत झाड नाही, डोंगर नाही, गोष्ट नाही. चिजेचे शब्दही धड कळत नाहीत. तरी ‘हे कशाचे गाणे?’ असे आजवर कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. समजत नसले तरी कान देऊन बसावे, दहा वेळा बसावे, म्हणजे अकराव्या वेळी काही उमगते, हे शहाणपण आमच्या वाडवडिलांनी गाण्यापुरते कमावले. डोळ्यांकरिता ते आम्ही कमावलेच नाही, आणि त्या दारिद्र्याचे नाव ‘रोखठोकपणा’ असे ठेविले.

या क्षेत्रात भोंदू आहेत, हे आम्हांस मान्य आहे. प्रदर्शनाच्या पत्रिकेत ‘अवकाश’, ‘अस्तित्व’ आणि ‘अंतर्नाद’ हे तीन शब्द पेरून काहीही खपविणारे आम्हीही पाहिले आहेत. पण भोंदूस ओळखावयाचे ते अस्सल वाचून. बरव्यांची दोन पाने वाचलेल्या मनुष्यास ती पत्रिका फसवू शकणार नाही. न वाचणाऱ्यास मात्र दोन्ही सारखीच, आणि मग तो तिसऱ्याच मापाकडे वळतो. २०१३ साली मुंबईच्या लिलावात वासुदेव गायतोंड्यांचे एक चित्र २३ कोटी रुपयांवर गेले, तेव्हा आमच्या परिचयाच्या दहा घरांत त्यांचे नाव प्रथमच निघाले. आकडा सर्वांस पाठ. चित्राचा रंग एकासही सांगता येईना. बरवे १९९५ साली गेले. २०१३ साली शांता गोखले यांनी ‘कोरा कॅनव्हास’ इंग्रजीत नेले, आणि २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. उद्घाटनाच्या वेळी अमोल पालेकरांचे भाषण मध्येच अडविले गेल्याने वाद गाजला. आमच्या घरीही आठ दिवस भाषणाची चर्चा झाली. चित्रांची झाली नाही.

असो. शाहू स्मारकातील त्या प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवशी आम्ही पुन्हा एकटेच गेलो आणि किल्लीच्या चित्रापुढे खुर्ची मागवून बसलो. अर्ध्या तासाने एवढेच ध्यानात आले की, किल्लीची सावली किल्लीची नसून कड्याची होती. म्हणजे दाराची म्हणावी काय? ठरेना. अभिप्रायवही मागून आम्ही आमची जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिले, ‘त्या दिवशी चित्र पाहिले नव्हते. आज पाहिले. पुरते कळले नाही.’ ती मुलगी ते वाचून पुन्हा समजावयास पुढे आली. आम्ही तिला, थोडे थांब, असे म्हटले.