नाण्याचे माहेर

सावेडीतला नाणेसंग्राहक विश्वासू विक्रेता शोधताना बहुधा भाव पारखतो. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: हे नाणे आले कोठून? निजामशाहीचे (१४९०–१६३६) हे राजधानीचे शहर. तिची तांब्याची नाणी इथल्या संग्राहकाला साहजिकच हवीशी वाटतात. शिवकालीन होनांच्या तर नकलाही बाजारात फिरतात. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो; तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. पूर्वपीठिका नसलेली पोथी संपादक जपून वापरतो. सापडल्याचे ठिकाण हरवलेले नाणेही तसेच अर्धे मुके असते. उगम ठाऊक नसल्यास ते स्पष्ट सांगून विक्री नाकारणारा दुकानदारच आम्हांस विश्वासू वाटतो.