घरातली शाळा : चतकोर भाकरी आणि आईचा आठवा हिस्सा

चौथी-पाचवीच्या मुलाला विचारा, १/४ मोठा की १/८? बरीच मुले १/८ सांगतात. आठ हा आकडा चारपेक्षा मोठा, एवढे त्यांना पक्के ठाऊक असते. अशा वेळी रागावू नका, पुस्तकही उघडू नका. तांदळाची भाकरी ताटात घ्या आणि सुरी मुलाच्या हाती द्या.

मधोमध कापली की अर्धी. पुन्हा कापली की चतकोर. आपल्या भाषेत १/४ला हा शब्द आधीपासून आहे, तो मुलांच्या कानावर असू द्या. चतकोराचे दोन केले की १/८. खाणारे वाढले तसा वाटा लहान झाला, हे दिसते. तुकडे सारखे हवेत हेही सांगावे लागत नाही. शेजारी भावंड बसलेले असले की पुरे!

मग विचारा, अर्धी आणि चतकोर मिळून किती? वरचे वर आणि खालचे खाली मिळवून मुले २/६ लिहितात. अर्ध्या भाकरीवर दोन चतकोर ठेवून दाखवा. अर्धी म्हणजे दोन चतकोर, त्यात आणखी एक, झाले तीन. म्हणजे ३/४, पाऊण भाकरी. कापलेले तुकडे लगेच खाऊन टाका, अन्न वाया जाता कामा नये.

एवढे जमले की पुढचे गणित घ्या. अपूर्णांक आपल्या दीनमध्ये रोजच्या व्यवहाराचे आहेत. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से १/२, १/४, १/८, २/३, १/३, १/६ असे ठरवून दिले आहेत. नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज्मींच्या बीजगणितावरील ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या हिशेबांचाच आहे.

समजा, एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. आईवडील हयात नाहीत. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा जाता उरले ते म्हणजे ही एक भाकरी. आठ तुकडे करा. संतती असल्याने एक तुकडा पत्नीचा. उरले सात. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून प्रत्येक तुकड्याचे तीन करा. एकूण २४ पैकी आईचे ३, मुलाचे १४, मुलीचे ७.

हे वाटप मुलीकडूनच करून घ्या. ‘तिचे लग्न लावून दिले, आता कसला हिस्सा’ हे अजूनही अनेक घरांत ऐकू येते. सात तुकडे स्वतः मोजलेल्या मुलीला आपला आकडा ठाऊक असतो, आणि समोर बसलेल्या भावालाही.

दोन मुलगे आणि एक मुलगी असतील तर? आता सातांतल्या प्रत्येक तुकड्याचे पाच करावे लागतील. भाकरीचा चुरा होईल, इथून पुढे कागद-पेन्सिल बरी. उत्तर ताडून पाहा : ४० पैकी आईचे ५, प्रत्येक मुलाचे १४, मुलीचे ७.