अहवालाआधीची वानगी

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव ठरण्यापूर्वी जाणता आडत्या पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठ पाहून थांबत नाही. तो मधले, तळाचे दाणे काढवतो, तळहातावर चोळतो आणि मगच ओलावा मोजणाऱ्या यंत्रात घालतो. यंत्र आपला आकडा चोख देते. पण आत घातलेले दाणे सगळ्या मालाचे खरे प्रतिनिधी आहेत की नाहीत, हे त्याला कळत नाही. व्यापारी घराण्यांतील थोरांना ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. तेच थोर रक्ततपासणीचा कागद हाती आला की मात्र आकडा आणि त्याशेजारची छापील मर्यादा एवढेच पाहतात. ती वानगी कुणी, केव्हा, कशी घेतली, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवतही नाही.

तो प्रश्न विचारायला शिकवले जाते ते परिचर्येच्या विद्यार्थ्यांना. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या सुधारित अभ्यासक्रमानुसार बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या सत्रात ‘उपयोजित जीवरसायनशास्त्र’ हा विषय येतो. त्याच्या वाट्याला अवघे 40 तास आहेत. पुष्कळ विद्यार्थिनींना तो रुक्ष वाटतो. पेशीत साखरेचे विघटन कोणत्या पायऱ्यांनी होते, कोणत्या पायरीवर कोणते विकर काम करते, हे सारे पाठ करून परीक्षेपुरते लक्षात ठेवायचे, अशी साधारण समजूत असते. रुग्णाच्या उशाशी उभे राहिल्यावर त्याचा काय उपयोग, असे वाटणे स्वाभाविकही आहे.

उपयोग आहे, आणि तो राखाडी टोपणाच्या एका लहानशा नळीत दडलेला आहे. रक्त शिरेतून नळीत आले तरी त्यातील पेशी जिवंतच असतात व साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातील साखर दर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी घटते; उष्णता वाढली की हा वेगही वाढतो. राखाडी टोपणाच्या नळीत सोडियम फ्लोराइड असते. ते साखरेच्या विघटनातील एनोलेज या विकरालाच रोखते. वर्गात कंटाळवाणी वाटलेली ती पायरी ती हीच. मात्र फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दीड तास लागतो. म्हणून नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची आणि शीतपेटीत ठेवायची, घुसळायची नाही.

परभणी जिल्ह्यात याचे महत्त्व अधिक आहे. मे महिन्यात येथे पारा 42 अंशांपलीकडे सहज जातो. जिंतूर, पालम किंवा सोनपेठकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात सकाळी घेतलेला नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला काही तास लागू शकतात. एखाद्या गृहस्थाची उपाशीपोटीची साखर खरोखर 130 आहे असे समजा. मधुमेहाची रेषा 126 वर आहे. रक्त चुकून साध्या नळीत घेतले आणि पेशी वेगळ्या न करता चार तास तसेच राहिले, तर यंत्र शंभराच्या आसपासचा आकडा दाखवील. यंत्र खोटे बोललेले नसते. गृहस्थ मात्र समाधानाने घरी जातात आणि रोग आणखी एक-दोन वर्षे निवांत वाढतो.

याच्या उलट प्रकार पोटॅशियमचा. रक्तातील त्याची नेहमीची पातळी 3.5 ते 5 एवढीच असते. पण तांबड्या पेशींच्या आत ते कितीतरी पट अधिक असते. सुई फार बारीक वापरली, सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढला किंवा नळी खळखळून हलवली, की पेशी फुटतात आणि आतले पोटॅशियम बाहेर येते. दंडाला पट्टा मिनिटाहून अधिक वेळ बांधून ठेवणे आणि रुग्णाला मूठ वारंवार आवळायला सांगणे, यांनीही आकडा चढतो. सर्वांत फसवी चूक मात्र निराळीच. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त जास्त झाले म्हणून त्यातले थोडे लाल टोपणाच्या नळीत ओतले जाते. जांभळ्या नळीतील रसायन पोटॅशियमयुक्त असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. मग अहवालात पोटॅशियम भयावह चढलेले आणि कॅल्शियम कोसळलेले दिसते. असा कागद पाहून निरोगी हृदयाच्या माणसावर तातडीचे उपचार सुरू होऊ शकतात. अनुभवी परिचारिका अशा वेळी आधी रुग्णाकडे पाहते. तो शांतपणे चहा पीत बसलेला असेल, तर दुसरा नमुना घ्यायला सांगते. सलाइन लावलेल्या हातातून रक्त न घेण्याचा नियमही याच कुळातला.

जैन घरांत आणखी एक विचारणा आवश्यक ठरते. ‘रात्री दहानंतर काही खाऊ नका’ ही सर्वांना दिली जाणारी सूचना सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात जवळजवळ निरर्थक आहे. सायंकाळी सहाला जेवलेल्या आजोबांचा नमुना सकाळी नऊला घेतला, तर पोट पंधरा तास रिकामे असते. साखरेच्या तपासणीला आठ तास पुरतात. शिवाय चौविहार असेल तर रात्रभर पाणीही नाही. अशा वेळी नवकारसीनंतर उकळलेले पाणी घेऊन मग नमुना दिलेला बरा. शीर सापडणेही सोपे जाते.

मोठ्या तपश्चर्येत आकडे याहून अधिक बदलतात. दोन-तीन दिवस अन्न नसले की मूत्रात कीटोन दिसतात, यूरिक अॅसिड चढते, काहींच्या रक्तात बिलिरुबिन एवढे वाढते की घरचे कावीळ झाली म्हणून घाबरतात. यांतले पुष्कळसे पारण्यानंतर आपोआप ओसरते. पण पाण्याअभावी वाढलेले क्रिएटिनिन प्रत्येक वेळी निरुपद्रवी असेलच असे नाही, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उपवासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यांनी तपश्चर्येपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. घरातील वृद्ध ही गोष्ट रुग्णालयात आपणहून सांगत नाहीत. व्रताची वाच्यता कशाला, असे त्यांना वाटते. शिवाय कुणी रागावेल ही धास्तीही असते.

म्हणून परिचारिकेने पट्टा बांधण्यापूर्वी दोन गोष्टी विचारायच्या असतात: शेवटचे अन्न केव्हा घेतले आणि शेवटचे पाणी केव्हा. उत्तर ‘अठ्ठाईचा पाचवा दिवस’ असे आले, तर तेच शब्द मागणीपत्रावर लिहायचे. मग रक्त घ्यायचे, आणि रुग्णाच्या समोरच, त्याच्याकडून नाव व वय पुन्हा वदवून घेऊन, नळीवर चिठ्ठी लावायची.