विश्लेषण : डॉक्टरांवर हल्ले, कायदा असूनही सुरक्षा का नाही?

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात नोव्हेंबर २०२१ मध्ये एमबीबीएसच्या विद्यार्थ्याची भोसकून हत्या झाली. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्याच रुग्णालयात दाखल रुग्णाने निवासी डॉक्टरवर चाकूहल्ला केला.

कायदा काय सांगतो?
राज्याच्या २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टर, परिचारिका व रुग्णालयीन कर्मचाऱ्यांवरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

मग अडते कुठे?
कायदा हल्ल्यानंतर कामाला येतो. हल्ला टाळणे ही रुग्णालय प्रशासनाची जबाबदारी. दोन घटनांतला धोकाही वेगळा. एक आवारातला, दुसरा थेट खाटेवरचा. केवळ प्रवेशद्वारावर रक्षक वाढवून दुसरा टळला नसता.

काय हवे?
आवारात दिवे आणि गस्त. वॉर्डात रात्रपाळीलाही रक्षक, धोक्याची घंटा, धारदार वस्तूंना मज्जाव, रुग्णाजवळ एकच नातेवाईक. आंदोलनानंतर मिळणारे आश्वासन म्हणून नव्हे, तर ऑक्सिजनइतकीच गरज म्हणून यासाठी कायमची तरतूद हवी. जिवाच्या धास्तीने काम करणाऱ्या डॉक्टरचे लक्ष विचलित झाले, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.