माळ्यावरची मैफल कॉम्प्युटरवर

घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा विचार चाललाय? जरा थांबा! विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित मदत ऑक्टोबर २०२५मध्ये थांबली आणि असे कितीतरी कॉम्प्युटर घराघरांत अडगळ ठरले. बँकेचे व्यवहार त्यांवर करू नयेत हे खरं. पण गाणी सांभाळायला आणि ऐकवायला ते अजून धडधाकट असतात. लिनक्स, लिरियन म्युझिक सर्व्हर आणि प्रत्यक्ष वाजवणारा स्क्वीझलाइट अशी तीन सॉफ्टवेअर त्यावर टाकायची. तिन्ही फुकट मिळतात. मग मोबाइलवरून गाणं निवडायचं आणि ते वाजतं हॉलमधल्या मोठ्या स्पीकरवर.

'मोबाइलवर हवं ते गाणं मिळतं, मग हा उपद्व्याप कशाला?' असं घरातली तरुण मंडळी विचारणारच. उत्तर माळ्यावरच्या खोक्यात आहे. गणेशोत्सवातल्या मैफलीची कॅसेट, रेडिओवरून टेप केलेलं गाणं, बारशाला आजीनं म्हटलेला पाळणा. हे कुठल्याही कंपनीच्या यादीत सापडायचं नाही. आणि फीत काही अमर नसते. पावसाळी हवेत तिला बुरशी धरते, चुंबकीय थर झिजतो आणि आवाजातली धार कमी होत जाते. एकदा पुसलं गेलेलं पुन्हा आणता येत नाही.

म्हणून आधी कॅसेट, मग सीडी. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं पुसून घ्या. डेकमागचं 'लाइन आउट' कॉम्प्युटरच्या निळ्या छिद्रात जोडा. गुलाबी छिद्र माइकचं, तिथे नको. लॅपटॉपला बहुधा निळं छिद्र नसतं, त्याला यूएसबीवर चालणारी छोटी डबी घ्यावी लागते. ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रामवर रेकॉर्डिंग करताना आवाजाची पट्टी शून्याखाली सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई चालत नाही. खरखर काढायचा मोह होईल, पण मूळ प्रत तशीच ठेवून प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. खरखरीबरोबर तानपुराही जातो!

साठवताना एमपी-थ्रीच्या वाटेला जाऊ नका. सीडीवरचं एक तासाचं संगीत सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतं. १२८च्या एमपी-थ्रीत त्याचे ५८ उरतात, कारण बाकीचं चक्क फेकून दिलेलं असतं. २००१ साली आलेला फ्लॅक हा प्रकार काहीही न फेकता ते साधारण ३०० ते ४०० मेगाबाइटमध्ये बसवतो. एक टेराबाइटच्या डिस्कवर असं अडीच हजार तासांचं गाणं मावतं. जागेची चणचण हे कारण आता उरलेलं नाही.

जुन्या कॉम्प्युटरच्या हिरव्या छिद्रातून येणारा आवाज मात्र बऱ्याचदा गुरगुरता असतो. त्यावर उपाय म्हणजे डॅक. आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी ही पेटी यूएसबीला लावायची आणि तिथून वायर अॅम्प्लिफायरला. पैसे खर्चायचेच तर आधी स्पीकरवर, मग डॅकवर. महागड्या वायरींच्या जाहिरातींकडे खुशाल दुर्लक्ष करावं.

आपल्या संगीताची एक खास अडचण आहे. सीडीवर विलंबित आणि द्रुत ख्यालाचे दोन वेगळे ट्रॅक असतात आणि मध्ये क्षणभर शांतता पडली तरी रंगाचा बेरंग होतो. फ्लॅक आणि लिरियन ही जोडी खंड न पाडता वाजवते. शिवाय फ्लॅकमध्ये माहितीचे रकाने आपल्या मनानं वाढवता येतात. नुसतं 'आर्टिस्ट' आणि 'अल्बम' आपल्याला पुरणार कसं? राग, ताल, साथीला कोण, कुठली मैफल, कुठलं साल, सगळं नोंदवा. कॅसेटच्या कव्हरवरच्या हस्ताक्षराचाही फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

हे रकाने भरताना आजोबांना शेजारी बसवा. पेटीवर कोण होतं, मध्येच 'क्या बात है' म्हणणारा आवाज कुणाचा, हे कव्हरवर लिहिलेलं नसतं. ते फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

आणि हो, डिस्कही कधीतरी दगा देते. सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. आजीचा पाळणा त्यांनाही हवाच असेल.