कुलूप लावण्यापूर्वी



सुट्टी लागली की गावी जायची घाई सुरू होते. कपडे, खाऊ, पत्ते, बॅट-बॉल, सगळं आठवणीनं पिशवीत जातं. आठवण राहत नाही ती एकाचीच, मागे राहणाऱ्या घराची! महिना-दीड महिना ते बिचारं एकटं राहणार असतं. म्हणून आज बोलू या घर बंद करण्याच्या शास्त्राविषयी. हो, शास्त्रच आहे ते! आणि त्याचा पहिला धडा घ्यायला आपण जाऊ या सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटघरला.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जीवधन किल्ल्याच्या परिसरात हे गाव आहे. जवळच प्रसिद्ध नाणेघाट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याकडचा माल याच वाटेनं जुन्नरला यायचा. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. माथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असं सांगतात. म्हणजे घर मागे ठेवून लांब निघालेल्यांची ही वाट किती जुनी, पाहा!

घर मागे ठेवून जाणं या भागाला आजही नवं नाही. भातकापणी आटोपली की पश्चिम जुन्नरमधली काही कुटुंबं मजुरीसाठी नारायणगावकडच्या बागायती भागात उतरतात. कुणी मुंबई गाठतात. मुंबईचे डबेवाले मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातलेच. १८९० मध्ये सुरू झालेला त्यांचा व्यवसाय एरवी घड्याळाच्या काट्यावर चालतो. पण एप्रिलमध्ये गावच्या जत्रा आल्या की तेही रजा घेऊन गावी जातात. त्यांचं एक घर डोंगरात, तर एक शहरात. एक उघडायचं, तर दुसरं बंद करायचं!

आता एक कोडं. भांडी-कुंडी, दारं-खिडक्या सगळं तेच असतं, मग राहतं घर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओस पडलेलं घर लवकर का ढासळतं?

डोंगरातल्या जुन्या घराकडे पाहा. लाकडी वासे, वर कौलं, कारवीचा कूड आणि त्यावर शेणामातीचा लेप. रोज चूल पेटते. तिचा धूर आणि ऊब वर जाते. वासे कोरडे राहतात, कीड लांब राहते. रोज केरवारा होतो, जमीन सारवली जाते. सरकलेलं कौल लगेच कुणाच्या तरी नजरेला पडतं. माणूस निघून गेला की हे सगळं थांबतं. सरकलेल्या कौलातून पाणी आत येतं, वासा कुजतो, वाळवी लागते. आणि घाटमाथ्यावरचा पाऊस तर महिनोन् महिने झोडपणारा! म्हणून जाणता माणूस निघण्याआधी कौलं चाळून घेतो, धान्य कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवतो आणि शेजाऱ्याला बजावतो, “अधूनमधून बघत जा रं!”

यातून नियम काय निघाला? माणूस घरासाठी रोज नकळत जे करतो, ते बंद पडलं की घर बिघडतं. फ्लॅटलाही हाच नियम लागू आहे. पाहू या कसा तो.

पाणी. नळाला पाणी नसताना कुणीतरी तोटी उघडतं आणि तशीच विसरतं. तुम्ही गावी पोचता आणि इकडे पाणी येतं! तुमच्या घराचं तळं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून धार लागते. म्हणून सगळ्या तोट्या तपासा आणि फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करा.

बेसिनखाली वाकडा पाइप असतो ना? त्या वळणात नेहमी थोडं पाणी साठलेलं असतं. ते गटारातला वास अडवतं. रोजच्या वापरात ते आपोआप भरलेलं राहतं. घर बंद असलं की हळूहळू वाळतं. मग वास येतो, झुरळंही येतात. निघताना तिथं तांब्याभर पाणी ओता आणि वरून चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडून जात नाही.

डास. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात! कुंडीखालची ताटली, फुलदाणी, फ्रिजमागचा ट्रे, झाकण नसलेली बादली, सगळं रिकामं करा. नुसतं ओतू नका, घासून पुसा. कारण भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. तुमच्या बंद घरातले डास साऱ्या सोसायटीला आजारी पाडू शकतात.

गॅस आणि वीज. ही कामं मोठ्यांची. तुम्ही फक्त आठवण करायची. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावायची. पाइपचा गॅस असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. फ्रिज बंद ठेवणार असाल तर तो रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. देवापुढचा दिवा विझल्याची खात्री करूनच बाहेर पडा.

कुंड्या. उंचावर पाण्याची बादली ठेवा. जाड सुती दोरीचं एक टोक पाण्यात बुडवा, दुसरं कुंडीच्या मातीत खुपसा. दोरीतून पाणी मातीत झिरपत राहील. पण बादलीला झाकण हवंच. का, ते आता तुम्हीच सांगा!

शेजार. दूध आणि वर्तमानपत्र बंद करायला सांगा. दारात पडलेला पेपरांचा ढीग चोराला आमंत्रणच देतो. मोबाइलवर “आम्ही चाललो गावाला!” असे फोटो टाकू नका, परत आल्यावर टाका. सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन नंबर द्या आणि एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे ठेवा. घाटघर असो की घाटकोपर, शेजाऱ्याच्या नजरेसारखं कुलूप नाही.

परत आल्यावरही घाई नको. दार उघडताच गॅसचा वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटण दाबू नका. बारीकशी ठिणगीही घात करू शकते. खरं म्हणजे या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच मदतीसाठी फोन करा. वास नसेल तरी आधी खिडक्या उघडून घराला मोकळा श्वास घेऊ द्या.

या आठवड्याचा उपक्रम: एका पुठ्ठ्यावर आपल्या घराची यादी करा. कोणतं काम आईचं, कोणतं बाबांचं, कोणतं ताईचं आणि कोणतं तुमचं, तेही लिहा. पुठ्ठा दाराच्या आतल्या बाजूला टांगा. निघायच्या दिवशी प्रत्येक कामापुढे खूण करा. शेवटची खूण झाली की मगच किल्ली फिरवायची. आणि ती यादी वाचून दाखवायचा मान, अर्थातच, तुमचा!