कोटनिसांचं दुसरं नाव

हल्ली बारशाच्या आधी महिनाभर घरात नावाची शोधाशोध चालते. नाव छोटं हवं आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं, एवढ्या दोनच अटी. अर्थ विचारला की आई-बाबा एकमेकांकडे बघतात. आजी मात्र विचारल्याशिवाय राहत नाही. मी आजीच्या बाजूचा आहे, आणि दाखल्यासाठी सोलापूरकरांना लांब जायला नको.

आपले डॉ. द्वारकानाथ कोटनीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पथकातून चीनला गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ती कहाणी घरोघर ठाऊक आहे. त्यांचं चिनी नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. अटल, चोळकर, कोटनीस, बसू आणि मुखर्जी या पाचही डॉक्टरांना तिकडे चिनी नावं मिळाली, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ' आलं. हुआ म्हणजे चीन. कोटनीस झाले 'के दिहुआ'.

मूळ आडनाव बघा. 'नीस' हा फारसी 'नवीस'चा, म्हणजे लिहिणाऱ्याचा, झिजलेला तुकडा. चिटणीस, फडणीस, पोतनीस ही त्याचीच भावंडं. कोटाचं दप्तर लिहिणारा तो कोटनीस. (भुईकोटाच्या गावाला हे आडनाव शोभतंही!) चिनी नावात 'कोट' तेवढा उरला, 'नीस' गळाला. पण बदल्यात काय मिळालं? 'के' हे तिकडचं खरंखुरं आडनाव, अर्थ फांदी. 'दि' हे एक फुलझाड. आणि हुआचा जुना अर्थ फूल. चीनच्या 'शिजिंग' या प्राचीन काव्यसंग्रहात या झाडाच्या फुलांवरून भावाभावांच्या मायेची कविता आहे. त्यामुळे 'दिहुआ' म्हटलं की जाणत्या चिनी माणसाला भाऊच आठवतो. उच्चार जुळवता जुळवता केवढा अर्थ पदरात पडला!

नाव मिळणं सोपं. ते अंगी लागावं लागतं. कोटनीस चिनी भाषा शिकले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४१ मध्ये परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनानी न्ये रोंगचेन यांनी त्याचं नाव सुचवलं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. चार महिनेही झाले नाहीत तोच, ९ डिसेंबरला कोटनीस गेले. वय अवघं बत्तीस.

'बासष्ट सालानंतर कसली आली आहे असल्या नावांची मातब्बरी?' असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर उभं ठाकलं तेव्हा यिनहुआ वीस वर्षांचा होता. भारत आणि चीन एकाच नावात घेऊन तो वावरत होता. पुढे तो वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला आणि १९६७ मध्ये, ऐन पंचविशीत, वारला.

भैय्या चौकातल्या स्मारकात मुलांना घेऊन जाल तेव्हा ही दोन्ही नावं त्यांना अर्थासकट सांगा. आजीलाही बरोबर न्या.